लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे

अंबूबाईनं आपल्या सख्ख्या भावाला भरदिवसा, मालकासमोर आणि मुंबईच्या पाहुण्यासमोर धुळीला मिळवलं. मी शेजारीच बसले होते. मला तेव्हा फार बरं वाटलं. आजही आठवलं की आधी बरंच वाटतं, बाकीचं मागून येतं. लोक म्हणतात, काही झालं तरी भाऊ तो भाऊ, बाईनं असं करू नये. त्यांना म्हणावं, तुमच्या भावानं तुमची ओटी चारचौघांत रिकामी केली असती, तर तुम्ही काय पेढे वाटले असते?

पण पहिल्यापासून सांगते. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहत होता, त्याच सुमाराला चिंचवड स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या दोन लांब शेडमध्ये यशवंतरावांनी खेळण्यांचा कारखाना काढला. यशवंतराव पुण्याचे, बोलायला गोड, अंगात सदा इस्त्रीचा सदरा. त्यांना बाहुल्या नि भोवरे करायचे नव्हते. त्यांना करायच्या होत्या विटा. बोटभर लांबीच्या, लाकडाच्या, रंगवलेल्या विटा. खोकं उघडावं आणि पोरांनी एकावर एक रचून घर बांधावं. आम्हाला हसू यायचं. आमची पोरं खऱ्या वीटभट्टीवर लोळत होती, त्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. पण काम सावलीतलं होतं आणि बारमाही होतं, तेव्हा हसू आवरून आम्ही कामाला लागलो. मी साताऱ्याकडून नवऱ्याच्या मागे आलेली, मला तर इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं.

एका शेडमध्ये लाकूड कापून घासत. मागच्या अंगाला शौकत रंगारी होता, त्याचे रंगाचे हौद होते. विटा रंगून, वाळून, मेण लावून आमच्याकडे आल्या की निवडायचं काम आम्हा बायकांचं. निवडायचं काय त्यात, असं मलाही वाटलं होतं. लाल तो लाल. पहिल्याच दिवशी अंबूबाईनं माझ्यासमोर पांढऱ्या धोतरावर लाल विटांची मूठ पसरली आणि म्हणाली, "रुक्मे, बघ, किती लाल हायेत."

मी बघितलं आणि खरंच, एकाशी एक जुळत नव्हता. विहिरीच्या पाण्यानं कालवलेला रंग वेगळा, पवना नदीच्या पाण्याचा वेगळा. ढगाळ दिवशी वाळलेली वीट मळकट, उन्हात वाळलेली भडक. एका खोक्यात दोन लाल गेले की पोरानं रचलेली भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसायची आणि दुकानदार खोकं परत पाठवायचा. म्हणून आम्ही उत्तरेच्या दारात बसायचो, तिथं ऊन येत नाही. लुगडं विटकं नेसून यायचं, कारण भडक लुगड्याची झाक विटांवर पडते. थोडं निवडून झालं की नजर पांढऱ्या धोतरावर टेकवायची, मग पुन्हा निवडायचं. हे सगळं अंबूबाईचं शास्त्र. ती चाकणच्या बाजारात कांदे निवडण्यात वाढलेली, तिची नजर तिथंच तयार झाली होती. रंगांना नावंही तिनंच दिली. लालात कुंकवी, तिखट्या, डाळिंबी, विटकरी. हिरव्यात पोपटी, मेथी, शेवाळी. पिवळ्यात हळदी आणि लिंबी. ज्या कशातच बसत नाहीत त्या चुकार. चुकार विटा शेवटी बंबात जायच्या.

त्या चुकारांवर अंबूबाईचा जीव. तिला एकुलतं एक पोर, भैरू, सात वर्षांचा. नवरा अर्जुनराव स्टेशनवर सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. झेंड्या काखेत मारून घरी यायचा आणि एकच सांगायचा, आपला भैरू रेल्वेत चिकटणार. माझ्या जागी माझं पोर, एवढं झालं की माझं सार्थक झालं. अंबूबाईचंही तेच. बाकी तिला ना दागिन्याची हौस, ना लुगड्याची. चुकारांतल्या चार विटा पदरात बांधून न्यायच्या आणि भैरूच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, ही एक हौस. त्या डब्यात जगातले सगळे चुकलेले रंग होते. भैरू त्यांची स्टेशनं बांधायचा, पूल बांधायचा, आणि हात असा स्थिर की वीट हलायची नाही.

चुकार न्यायला परवानगी दिली होती ती मुकादमानं. मुकादम म्हणजे लक्ष्मणराव, अंबूबाईचा थोरला भाऊ. आई-बाप गेलेले, म्हणजे तिला माहेर म्हणून एवढाच काय तो एक माणूस. "ने की अंबे, जळून तर जात्यात," असं तो माझ्या देखत म्हणाला होता. हे नीट लक्षात ठेवा.

लक्ष्मणराव म्हणजे मोठा रुबाब. कोशा पटका, पीळदार मिशा, हातात वेताची छडी. त्याच्या शिस्तीचं मालकांना भारी कौतुक. निवडलेल्या विटांच्या पाट्या ठरल्या जागी, ठरल्या क्रमानं लागल्या पाहिजेत, हा त्याचा कायदा. दारातून आत येताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, पिवळा नि निळा समोर. एखादी पाटी जागेवरून हलवताना दिसली तर छडी जमिनीवर आपटून तिला रडवायचा. पाहुणे आले की मालक त्याला पुढे करायचे. खोक्याच्या झाकणावर स्टेशनचं चित्र होतं, लाल घर, हिरवी झाडं, पिवळा फलाट. लक्ष्मणराव उभ्या उभ्या दोन्ही हातांनी पाट्यांतून विटा उचलून ते स्टेशन फळीवर रचून दाखवायचा, खाली न बघता. पाहुणे टाळ्या वाजवायचे आणि हा मिशीवर हात फिरवायचा.

त्या साली उन्हाळ्यात गोदामातून भरलेली खोकी गायब व्हायला लागली. मालक मुकादमावर चिडले. तुमच्या नाकाखालून माल जातो कसा, असं सगळ्यांसमोर बोलले. लक्ष्मणरावाला ते लागलं. चोर काही सापडेना, पण कुणीतरी सापडायला तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सुटी झाली तेव्हा तो फाटकात उभा होता, बाजूला मालक. बायका एकेक करून जात होत्या. अंबूबाई आली तशी त्यानं छडी आडवी धरली.

"पदरात काय हाय?"

अंबूबाईला वाटलं थट्टा आहे. ती हसली. "चुकार हायेत, दादा. भैरूला."

"दादा घरी. हितं मुकादम. कुनाला इचारून घेतल्या?"

"तूच म्हनला न्हवतास का?"

"मी?" लक्ष्मणराव मालकांकडे वळला. "मालक, माजी सख्खी बहीण हाय, पर चोरी ती चोरी. कुनाची भीड न्हाई आपल्याला." आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "रिकामी कर ओटी. हितंच."

ती हलेना, तेव्हा त्यानं छडीच्या टोकानं पदराची गाठ उचकटली. विटा धुळीत पडल्या. भावानं माहेरवाशिणीची ओटी भरायची असते. दिवाळीला, संक्रांतीला, काहीच नसलं तर मूठभर गव्हानं, पण भरायची. सवाष्णीची ओटी भावानं आपल्या हातानं मातीत सांडलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल, मी सांगितलं. "तुम्हीच न्या म्हणालात, मुकादम, मी ऐकलंय," असं मोठ्यानं म्हटलं. मालक म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका." झालं.

पण खरा डंख पुढेच होता. मालक तिला कामावरून काढायला निघाले, तर हाच लक्ष्मणराव हात जोडून म्हणाला, "बायकामानूस हाय, लेकरासाठी चुकली. या खेपंला सोडा, मालक. मी तिच्यावर नजर ठेवतो." म्हणजे आधी चोर ठरवली आणि मग उपकार केले. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

अंबूबाई रडली नाही. विटा तशाच टाकून घरी गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली आणि रोजच्यासारख्या पाट्या लावल्या, लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. मला तिचा राग आला. दुपारी भाकरी खाताना मी म्हटलं, "अजून त्याच्या पाट्या लावतेस? तुझ्या जागी मी असते तर त्याच्या डोक्यात घातली असती पाटी."

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता, अगदी शांतपणे.

"ह्या पाट्यांचा कायदा त्याचा न्हाई, रुक्मे. माजा हाय. त्याला लाल-हिरवं कळत न्हाई."

मी ऐकत राहिले. लहानपणी त्यांच्या रानात मिरची असायची. पिकलेली लाल तेवढी तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची. लक्ष्मण दोन्ही तोडायचा. त्याला पानातून फळ वेगळं दिसायचं, पण रंग वेगळा दिसायचा नाही. बाप तापट. एकदा त्यानं लक्ष्मणाला बांधावर उलटा पाडून चाबकानं फोडला, मुद्दाम नासधूस करतो म्हणून. त्या दिवसापासून अंबू त्याची पाटी बाप येण्याआधी निवडून ठेवायची. बाप समोर असताना काही विचारलं तर लक्ष्मण बहिणीकडे बघायचा. तिचा हात कपाळाच्या कुंकवाला गेला की लाल, बांगड्यांना गेला की हिरवा. बाप मेला, तरी हे कुणाला कळलं नाही. कारखान्यात मुकादमी मिळाली तेव्हा तो रात्रभर घाबरून बसला होता, म्हणून अंबूनंच पाट्यांच्या जागा बांधून दिल्या आणि ती शिस्त आहे असं सांगायला शिकवलं.

"मग सांग की मालकांना," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"सांगून काय? चोराच्या उलट्या बोंबा म्हनतील." तिनं पदर झटकला. "त्यानं सगळ्यांम्होरं केलं, मी बी सगळ्यांम्होरं करीन. मिरची पिकू दे."

त्या दिवसापासून मला कामावर यायला नवा हुरूप आला, खोटं कशाला बोलू. लक्ष्मणराव छडी आपटत फिरायचा आणि मी मनात म्हणायचे, फीर बाबा, फीर. अंबूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची, मान खाली घालून. त्याला वाटलं बहीण वठणीवर आली. तो तर आणखी फुगला. नव्या बायकांना सांगायचा, मी बहिणीला सोडली न्हाई, तुमची काय कथा.

दसऱ्याच्या आधी मुंबईच्या मोठ्या दुकानाचा माणूस यायचं ठरलं. माल त्याच्या पसंतीला उतरला तर नाताळचा सगळा माल आमचाच जाणार होता. शेड झाडून काढली, मालक स्वतः जाळी काढत होते. लक्ष्मणराव नवा पटका बांधून आला.

सकाळीच अंबूबाईनं पाट्या भरल्या. कोणती वीट घ्यायची ते तिला पाठ होतं. कुठला हिरवा त्याला कुठल्या लालासारखा दिसतो हे तिच्याइतकं त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. तिनं शेवाळी विटा भरून डावीकडे ठेवल्या आणि डाळिंबी भरून उजवीकडे. पिवळा, निळा जागच्या जागी. आम्ही निवडणाऱ्या बायकांनी बघितलं आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. त्या फाटकातल्या संध्याकाळी आम्ही सगळ्याच होतो.

पाहुणे आले. चहा झाला, मालकांनी हौद दाखवले, मेणाचं काम दाखवलं, मग आमच्या दारात आणून म्हणाले, "आणि हे आमचे मुकादम. यांचं काम बघाच."

लक्ष्मणरावानं फळी समोर ओढली. बाह्या सारल्या. डावा हात डाव्या पाटीत, उजवा उजव्या पाटीत, नजर पाहुण्यांच्या तोंडाकडे. भिंती चढल्या, कमान झाली, फलाट झाला, बाजूला झाडं उभी राहिली. हात सुंदर चालत होते, हे मीही नाकारत नाही. शेवटची वीट ठेवून तो मागे सरला आणि मिशीवर हात नेला.

फळीवर हिरवंगार स्टेशन उभं होतं आणि त्याच्याभोवती लाल झाडं.

पाहुणा खळखळून हसला. "तुमच्याकडे चिंचवडला झाडं लाल असतात वाटतं?" लक्ष्मणरावही हसला, त्याला वाटलं कौतुक चाललंय. मग त्यानं मालकांचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

मालकांनी भिंतीतली एक वीट काढली आणि त्याच्यासमोर धरली. "मुकादम, ही कुठल्या रंगाची?"

लक्ष्मणरावानं विटेकडे पाहिलं. पाट्यांकडे पाहिलं. आणि मग, एवढा मिशीवाला बाप्या, पोरासारखा वळून अंबूबाईकडे बघायला लागला. तिला त्यानं चोर ठरवलं होतं हे त्या क्षणी त्याच्या ध्यानातही नसावं. बाप बांधावर उभा आहे आणि बहीण निवडून देणार आहे, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

वीट शेवाळी होती. अंबूबाईनं हात उचलला. मला वाटलं, गेली, आता बांगड्यांना हात लावते. तिनं हात सरळ कपाळाला नेला आणि कुंकवावर बोट टेकवलं.

"लाल, मालक," लक्ष्मणराव म्हणाला.

पुढचं काय सांगायचं. मालकांनी एकामागून एक विटा त्याच्यासमोर धरल्या. तो अंदाजानं ठोकत गेला आणि बायका पदर तोंडात कोंबून हसत राहिल्या. पाहुणा अवघडून बाहेर गेला. "इतके दिवस मला फसवत होतात," असं मालक म्हणाले आणि छडी इथं ठेवून जा म्हणाले.

अंबूबाई त्याच्या आधी फाटकात जाऊन उभी राहिली. तो आला तशी आडवी झाली.

"धोतराचा सोगा झाड, मुकादम. एकांदी वीट जायाची."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या मागे उभ्या होतो. त्यानं सोगा सोडला, झाडला, पुन्हा खोचला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. मी घरून आणलेला गूळ सगळ्यांना वाटला. अंबूबाईनं मोठा खडा घेतला आणि चवीनं खाल्ला. इतक्या महिन्यांनी मी तिला पोटभर हसताना पाहिली. न्याय म्हणतात तो हाच, असं मला वाटलं, आणि तिलाही वाटलं असणार.

शौकत तेवढा हसला नाही. तो हौदाकडून हात पुसत आला होता. शौकत म्हणजे पुण्याच्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातला, आज्या-पणज्यापासून कपडे रंगवणारा.

"अंबूबाई," तो म्हणाला, "एक सांगू का? राग धरू नका. आमच्यात पोराला हौदावर घ्यायचं तर आधी त्याचा मामा बघतात. मामाला लाल-हिरवं कळत नसेल तर भाच्यालाही पारखून घेतात. हे बापाकडून येत नाही, आईच्या अंगानं उतरतं. सगळ्यांत उतरतंच असं नाही. पण तुमच्या भैरूला कधी पारखलंत का?"

अंबूबाईच्या हातात गुळाचा अर्धा खडा होता. तो तिनं खाल्ला नाही.

मी तिच्याबरोबर घरी गेले. स्टेशनाजवळच्या खोलीत भैरू डबा पालथा करून बसला होता. अंबूबाई लुगडंही न बदलता त्याच्यासमोर बसली. "बाळा, लाल लाल विटा हिकडं कर बरं. हिरव्या तिकडं." भैरू हुशार पोर, लगेच कामाला लागला. पिवळ्या बाजूला काढल्या, निळ्या बाजूला काढल्या, एकही चुकली नाही. मग मोठ्या दिमाखात त्यानं उरलेल्यांचे दोन ढीग केले आणि आईकडे शाबासकीसाठी बघितलं.

डाळिंबी, शेवाळी, विटकरी, मेथी, सगळ्या दोन्ही ढिगांत होत्या.

इतके दिवस कळलं कसं नाही, तर कळणार कुठून? डब्यात सगळे चुकलेलेच रंग. पोरानं भिंतीत कुठली वीट कुठे लावली हे कोण बघतं? सिग्नल त्याला ओळखता यायचा, पण सिग्नलचा हात खाली पडलाय की आडवा आहे यावरून. बापाच्या झेंड्यांत उलगडलेली ती हिरवी आणि गुंडाळलेली ती लाल, एवढं त्याला पाठ होतं. तो सगळं बरोबर सांगायचा आणि आई-बाप खूश व्हायचे.

बाहेर अर्जुनरावाच्या वहाणा वाजल्या. अंबूबाईचा हात एकदम पुढे झाला आणि तिनं दोन्ही ढीग एकत्र करून टाकले. तो आत आला, काखेतल्या झेंड्या खुंटीला लावल्या, पोराच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "काय सांधेवाले, गाडी वेळेवर हाय का?" मला तिथं बसवेना, मी उठून घरी आले.

दिवाळीपर्यंत तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. भाऊबिजेला मला म्हणाली, "चाकणला चल माज्याबरूबर. एकटीचं पाऊल उचलत न्हाई." माझं माहेर लांब, मला ओवाळायला कुणी नव्हतं, मी निघाले. भैरूला घेऊन आम्ही टांग्यानं भोसरी गाठली आणि तिथून एस.टी. धरली. वाटेत मी तिला दोनदा म्हटलं, त्याच्या दारात जाऊ नकोस, तो काय आरती ओवाळणार आहे तुझी? ती म्हणाली, "सगळ्या जगात ही गोष्ट त्यालाच म्हाईत हाय. शिक्षा त्यानंच भोगली, रस्ता बी त्यालाच ठाव असंल. मी दुसऱ्या कुनाला इचारू?"

लक्ष्मणराव बाजारात कांद्याची पोती उचलत होता. मिशा उतरल्या होत्या. घरी आला, आम्हाला पाहिलं, पण बहीण तबक घेऊन उभी म्हटल्यावर पाटावर बसला. बसावंच लागतं. तिनं ओवाळलं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्यानं ओवाळणी टाकली नाही आणि तिनं वाट बघितली नाही.

"दादा," ती म्हणाली, "भैरूला बी हाय."

तो उठला, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या सुपातून हाताला लागल्या त्या दोन आणल्या, निघाल्या एक लाल नि एक हिरवी, आणि भैरूसमोर धरल्या. "यातली लाल कुठली, रं?"

भैरूनं दोन्ही निरखून पाहिल्या. मग आईकडे पाहिलं. पण अंबूबाईनं त्याला अजून काही शिकवलं नव्हतं, आणि तिचे हात तबकात होते. पोरानं हिरवी मिरची उचलून मामाच्या हातावर ठेवली.

लक्ष्मणरावानं मिरचीकडे नाही, अंबूबाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसला. मला ते हसू ओळखीचं वाटलं. फाटकात गूळ वाटताना मीही तसंच हसले होते. तो म्हणाला, "अंबे, पदर पसर. भाऊबीज हाय. त्या दिशी रिकामी केली, आज भरतो."

तिनं पदर पसरला. त्यानं अख्खं सूप तिच्या ओटीत उपडं केलं. लाल, हिरव्या, सगळ्या मिसळलेल्या.

"माजी निवडायचीस," तो म्हणाला. "आन मग एक दिस उलटी निवडलीस. आता ह्याची निवड. पर एक इसरू नगंस. मला पाठची बहीण व्हती. ह्याला न्हाई. तू गेल्यावर ह्याची कोन निवडंल?"

एवढं बोलून तो पोत्यांकडे निघून गेला. मला त्याच्यामागे धावून त्याला बोल लावावेसे वाटले, आणि माझ्याजवळ बोल होतेही पुष्कळ. पण अंबूबाईनं माझा हात धरला. तिनं पदराला गाठ मारली, घट्ट, आणि एस.टी.त सगळा रस्ता ती ओटी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

घरी आल्यावर तिनं दारात पांढरं धोतर अंथरलं आणि त्यावर मिरच्या ओतल्या. भैरू शेजारी येऊन बसला, त्याला खेळच वाटला.

"हे बघ," ती म्हणाली. "लाल डावीकडं, हिरवी उजवीकडं. आन मी असंन तवा माज्या हाताकडं बघायचं. कुंकवाला लागला की लाल, बांगड्यांना लागला की हिरवी. कुनाला सांगायचं न्हाई. बापाला बी न्हाई."

मग तिनं एक मिरची त्याच्या हातात दिली आणि बोट कपाळाला नेलं. भैरूनं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि मिरची डावीकडे ठेवली.